मांडवीवरचा कॅसिनो: पाचशेच्या चिपची खरी किंमत आणि थांबायची जागा

रुलेटच्या टेबलावर पाचशेची चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची सोंगटी, लाल रंगावर ठेवली, की त्या एका फेरीची किंमत होते साडेतेरा रुपये. ही किंमत टेबलावर, भिंतीवर किंवा पावतीवर कुठेच लिहिलेली नसते. रुलेट म्हणजे फिरतं चाक आणि त्यातल्या एका घरात थांबणारा चेंडू. चाकावर ३७ घरं असतात, १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. त्या एका शून्यामुळे कॅसिनोला प्रत्येक रुपयामागे सरासरी २.७ पैसे सुटतात. एखाद्या फेरीला तुम्ही पाचशे जिंकाल, एखाद्या फेरीला पाचशे घालवाल, पण कितीही फेऱ्या खेळा, प्रत्येक फेरीमागे सरासरी साडेतेरा रुपये समोरच्याकडे सरकत राहतात.

गोव्यातल्या तरंगत्या कॅसिनोंचं परीक्षण इथूनच सुरू करायला हवं. बुफेतली कोळंबी कशी होती, नाच कसा होता, हे सांगणारे पुष्कळ आहेत. पण इथे विकली जाणारी मुख्य वस्तू म्हणजे टेबलावरचा वेळ. त्या वेळेचा भाव ज्याला ठाऊक आहे आणि जो तेवढाच देऊन उठतो, त्याच्यासाठी ही करमणूक आहे. गेलेले पैसे म्हणजे आपण कॅसिनोला दिलेलं कर्ज आणि ते वसूल केल्याशिवाय उठायचं नाही, असं ज्याला वाटायला लागतं, त्याचा खेळ तिथेच संपलेला असतो आणि आजार सुरू झालेला असतो. दोघं एकाच टेबलाला बसतात आणि त्यांच्या पुढ्यातल्या चिप्सही सारख्याच असतात. फरक दिसतो तो हरल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

बोटीत बसण्याआधी

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली तसा कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द केला. गोव्यातही त्याच वर्षीचा, १९७६ चा, सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा आहे. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना (स्लॉट मशीनना) परवानगी मिळाली आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरच्या खेळांना. म्हणूनच पत्ते वाटणारा डीलर आणि खरं चाक बघायचं तर मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजावर जावं लागतं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावकडून शुक्रवारी संध्याकाळी गाड्या घाट उतरतात त्या यासाठी.

प्रवेशाचं वय २१. ओळखपत्र मूळ हवं. आणखी एक नियम पुष्कळांना माहीत नसतो: १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत जाऊन खेळायला बंदी आहे, दार उघडं आहे ते पर्यटकांना. ज्या राज्याच्या तिजोरीत याचा पैसा जातो, त्या राज्याने आपल्या घरच्या माणसांना यापासून लांब ठेवलंय. पाहुण्याने याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा.

प्रवेशाचं पॅकेज असतं. त्यात जेवण, पेयं, करमणुकीचा कार्यक्रम आणि काही रकमेच्या चिप्स. दर जहाजाप्रमाणे, वाराप्रमाणे बदलतो. शनिवार-रविवार आणि सणासुदीला चढा असतो. इथे काउंटरवर विचारायचा पहिला प्रश्न: या चिप्स रोखीत बदलून मिळणाऱ्या आहेत की एकदाच खेळायच्या? ‘वन टाइम प्ले’ चिप म्हणजे ती लावायची, जिंकलात तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते, पण मूळ चिप डीलर उचलून घेतो. म्हणजे अशा हजाराच्या चिप्स लाल-काळ्यावर लावल्या तर त्यांची खरी किंमत साधारण ४८६ रुपये. ‘हजाराच्या चिप्स फुकट’ हे शब्द ऐकून पॅकेज वसूल झालं असं मानायचं नाही.

दुसरा प्रश्न कराचा. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे, त्याआधी तो २८ टक्के होता. तो प्रत्येक डावावर लागत नाही, चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवर लागतो. म्हणून सरळ विचारा, ‘मी इतके रुपये दिले तर माझ्या हातात किती रुपयांच्या चिप्स येणार?’ कर वरून लागत असेल तर दहा हजारांच्या चिप्सना चौदा हजार मोजावे लागतील. म्हणजे चाक फिरायच्या आधीच चार हजार गेले. पाचशेच्या हिशेबाने रुलेटच्या जवळजवळ तीनशे फेऱ्यांची किंमत तुम्ही दारातच भरलीत. शिवाय जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर ३० टक्के, वर उपकर. आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. या एवढ्या हिशेबानंतर कॅसिनोकडे कमाई म्हणून बघता येत नाही, इतकं स्वच्छ आहे.

टेबलं, आणि कुठे काय महाग पडतं

रुलेटला बसण्याआधी चाकाकडे वाकून बघा. हिरवं घर एक असेल तर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के. दोन असतील, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, तर तो ५.२६ टक्के होतो. तेच टेबल, तीच चिप, किंमत जवळजवळ दुप्पट. दोन हिरव्या घरांच्या चाकावर बसायचं काहीही कारण नाही.

अंदर-बाहर आपल्याकडच्या माणसाला घरचा वाटतो, लग्नघरात खेळलेला असतो. त्यामुळे इथे गर्दी असते. मधलं पान उघडल्यावर पहिलं पान ज्या बाजूला पडतं त्या बाजूला जोडपान, म्हणजे मधल्या पानाच्याच किमतीचं पान, येण्याची शक्यता ५१.५ टक्के. म्हणूनच नेहमीच्या नियमात त्या बाजूला जिंकल्यावर रुपयाला नव्वद पैसेच मिळतात. कॅसिनोचा वाटा त्या बाजूला २.१५ टक्के, दुसऱ्या बाजूला ३ टक्के. बाकी इथे डोकं चालवण्यासारखं काही नाही. आधीच्या डावांची नोंद स्क्रीनवर दाखवतात, लोक ती बघून पुढचा डाव ठरवतात, पण प्रत्येक डावाला गड्डी नव्याने पिसली जाते आणि मागच्या डावाचा पुढच्याशी काडीचा संबंध नसतो.

बॅकरा या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ अशा दोन बाजू असतात. कॅसिनोचा वाटा ‘बँकर’वर १.०६ टक्के, ‘प्लेअर’वर १.२४ टक्के. टक्केवारीत हा खेळ स्वस्त आहे. पण ‘टाय’वर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बरोबरीवर, आठपट मिळतात म्हणून हात जातो, तिथे वाटा १४ टक्क्यांच्या वर आहे, पाचशे लावले की बहात्तर रुपये गेले म्हणायचे. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात टेबलाच्या कपड्यावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅक लागल्यावर, म्हणजे पहिल्या दोनच पानांत २१ झाल्यावर, ३ ला २ देणार असतील तर हजारावर दीडहजार मिळतात, ६ ला ५ देणार असतील तर बाराशेच. पहिल्या प्रकारात, कोणत्या पानांना काय करायचं याचा तक्ता पाठ करून खेळणाऱ्याला वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडतो. दुसऱ्यात त्यात जवळजवळ दीड टक्क्याची भर पडते. तक्ता पाठ नसेल तर दोन्ही ठिकाणी महागच.

पण नुसती टक्केवारी बघून फसायला होतं. डाव तासाला किती होतात ते बघायला हवं. रुलेटच्या गर्दीच्या टेबलावर तासाला सुमारे ३५ फेऱ्या होतात. पाचशेच्या हिशेबाने तासाचा खर्च ४७० रुपये. बॅकराला तासाला ७० हात होऊ शकतात, आणि तिथे टेबलाचं किमान बहुधा मोठं असतं. अडीच हजारांचं धरलं तर तासाला अठराशेहून जास्त. आणि कोपऱ्यातलं यंत्र? वीस रुपयांचा डाव, बटण दाबलं की पाच-सहा सेकंदांत निकाल, तासाला सहाशे डाव. यंत्राचा वाटा ८ टक्के धरला तरी तासाला ९६० रुपये. वीस रुपयेच तर आहेत म्हणून बसलेली व्यक्ती पाचशेवाल्यापेक्षा दुप्पट वेगाने पैसे घालवत असते, आणि तेही एकटीच, कुणाशी न बोलता.

यंत्राबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या सगळ्या जहाजात सर्वांत जपून राहण्याची जागा तीच. वीस रुपये लावले, आठ परत आले, म्हणजे बारा गेले. पण यंत्र दिवे लावतं, वाजतं, नाणी पडल्यासारखा आवाज करतं. हरलेला डाव जिंकल्यासारखा साजरा होतो. तीन चित्रांपैकी दोन जुळतात आणि तिसरं एक घर वर थांबतं, तेव्हा मनाला ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात एका घराने हुकणं आणि दहा घरांनी हुकणं यात काही फरक नसतो, निकाल बटण दाबताच आकड्यांच्या गणितात ठरलेला असतो. पण मेंदू थोडक्यात हुकलेल्याला जिंकण्याच्या जवळपास मानतो आणि हात पुन्हा बटणाकडे जातो. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसणं हीच सर्वांत चिवट सवय लावणारी गोष्ट आहे. डाव जितका झटपट आणि दोन डावांतली उसंत जितकी कमी, तितका खेळ घातक, हा नियम सगळीकडे लागू पडतो. मोबाइलवरचे खेळ म्हणूनच जहाजापेक्षा वाईट.

जिंकून परतणाऱ्याचं काय

‘आपला मित्र तर वीस हजार जिंकून आला,’ हे वाक्य प्रत्येक कट्ट्यावर असतं, आणि ते खरंही असतं. एका शून्याच्या चाकावर चार तासांत १४० फेऱ्या, दर फेरीला पाचशे लाल-काळ्यावर, असं खेळणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एक जण नफ्यात उठतो. म्हणूनच हे दुकान चालतं; सगळेच हरले असते तर दुसऱ्यांदा कुणी फिरकलं नसतं. आता तोच माणूस अशा दहा रात्री गेला तर एकूण हिशेबात नफ्यात राहण्याची शक्यता सहा-सात जणांत एकावर येते. शंभर रात्री गेला तर हजारात एखादा. पाचशेची चिप तीच, चाकही तेच, रात्रींची संख्या तेवढी वाढली.

म्हणून पहिल्या खेपेला भरपूर जिंकणाऱ्याची काळजी हरणाऱ्यापेक्षा जास्त करावी. व्यसनाच्या उपचारासाठी येणाऱ्यांच्या इतिहासात सुरुवातीचा मोठा विजय वारंवार सापडतो. त्या रात्रीपासून डोक्यात एक रक्कम बसते आणि पुढची प्रत्येक हार त्या रकमेशी ताडून बघितली जाते.

हरल्यावर रक्कम दुप्पट करत जायची, एक जिंकलं की सगळं कव्हर, हा उपाय टेबलाशेजारी कुणीतरी सांगतोच. पाचशे, हजार, दोन, चार, आठ, सोळा हजार: सहा वेळा सलग हरलात की साडेएकतीस हजार गेले आणि सातव्या वेळी बत्तीस हजार लावायचे ते अखेरीस पाचशे जिंकण्यासाठी. सहा वेळा सलग हरणं दुर्मीळ वाटतं. १४० फेऱ्यांत ते निदान एकदा घडण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास आहे. त्यात टेबलाला कमाल मर्यादा असते, त्यामुळे पुढची दुप्पट लावूही देत नाहीत. माँटे कार्लोला १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. ‘आता लाल यायलाच पाहिजे’ म्हणत लोक लालवर रकमा वाढवत गेले आणि धुपून निघाले. चाकाला मागचं काही आठवत नाही.

रेघ कुठे आहे

मानसोपचारात २०१३ पासून जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच गटात ठेवलं आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपद्धतीत त्याची नऊ लक्षणं आहेत. वर्षभरात त्यातली चार असली तर निदान होतं. चार-पाच म्हणजे सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र. या नऊ लक्षणांत रुपयांचा आकडा कुठेच नाही. महिन्याला पन्नास हजार उडवणारा श्रीमंत त्यात बसत नसेल आणि रोज दोनशेचा मटका लावणारा रिक्षावाला पुरता बसत असेल. ‘मी काही फार पैसे लावत नाही’ हा बचाव म्हणून तपासणीत टिकत नाही.

लक्षणं घरगुती भाषेत सांगायची तर अशी. पूर्वी पाचशेत जी मजा यायची तिला आता दोन हजार लागतात. बंद करायचं ठरवलं की चिडचिड होते, झोप उडते. बंद करायचा प्रयत्न दोन-तीनदा फसलेला असतो. कामात असताना डोक्यात मागचा डाव किंवा पुढच्या खेपेच्या पैशांची जुळवाजुळव चालू असते. घरी भांडण झालं, मन खट्टू झालं की पाय किंवा बोट तिकडेच वळतं. हरल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘कव्हर करायला’ परत जातो. किती खेळलो याबद्दल खोटं बोलतो. नोकरी, शिक्षण, नातं धोक्यात येतं. आणि शेवटी दुसऱ्याच्या पैशांवर गाडी येते, हातउसने, सोनं गहाण, ‘या वेळी सोडव, पुन्हा नाही.’

यातली दोन सर्वांत लवकर पकडता येतात. त्यावर बेतलेली एक दोन प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात: अधिकाधिक पैसे लावायची गरज कधी वाटली आहे का? जवळच्या माणसांशी किती खेळलात याबद्दल कधी खोटं बोलावं लागलं आहे का? एकाचं जरी उत्तर हो आलं तरी नीट तपासणी करून घ्यायची. त्यापुढची नऊ प्रश्नांची कॅनडात तयार झालेली चाचणी आहे, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. एक-दोन गुण म्हणजे धोका थोडा, तीन ते सात मध्यम, आठ आणि वर म्हणजे मदत घ्यायची वेळ आली आहे.

आमच्या मते या सगळ्यांत खोटं बोलणं ही सर्वांत खरी खूण. पैसे लपवता येतात, ताण लपवता येतो, पण ‘किती गेले?’ या साध्या प्रश्नाला खरा आकडा देता येत नाही, तेव्हा त्या माणसाला स्वतःलाही कळलेलं असतं. मौजेने खेळणारा ‘तीन हजार गेले’ म्हणून हसून मोकळा होतो. दुसरा आधी ‘बरोबरीत सुटलो’ म्हणतो आणि मग विषय बदलतो.

किती खेळणं कमी धोक्याचं, याबद्दल कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये आकडे दिले: महिन्याला घरच्या करपूर्व उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त नाही, महिन्यातून चार दिवसांहून जास्त नाही, आणि नियमितपणे दोनहून अधिक प्रकारचे खेळ नाहीत. तिन्ही एकदम पाळायचे. साठ हजारांच्या घराला महिन्याला सहाशे रुपये. मांडवीवरची एक रात्र ही मर्यादा पहिल्या तासात ओलांडते, हे ध्यानात ठेवूनच जावं. आणि ज्याचं आधीपासून कर्ज आहे, दारूचं किंवा नैराश्याचं दुखणं आहे, घरात जुगाराचा इतिहास आहे, त्याच्यासाठी हा आकडा शून्य.

सेवा म्हणून कुठे कमी पडते

नदीवरची हवा, जेवण, कर्मचाऱ्यांचं अदबीनं वागणं यांबद्दल सहसा तक्रार नसते. आमची तक्रार वेगळी आहे. प्रत्येक टेबलाच्या किमान-कमाल रकमेची पाटी असते, तशी कॅसिनोच्या वाट्याचीही पाटी हवी. वाण्याच्या दुकानात पुड्यावर किंमत छापतात, इथे का नको? फुकट दारू आणि खेळ एकाच खोलीत असू नये. दुसऱ्या पेल्यानंतर ठरवलेली मर्यादा पाळणारे थोडेच. आत वेळ समजत नाही, दिवस की रात्र ते कळत नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव अटकावाची. सिंगापूरमध्ये तिथल्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला कॅसिनोत पाऊल टाकायलाच २४ तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात, आणि घरचे अर्ज करून आपल्या माणसाला बंदी घालून घेऊ शकतात. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’वर एकदा नाव घातलं की परवाना असलेली सगळी ऑनलाइन जुगाराची दुकानं सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं बंद, मध्येच उठवता येत नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून तसंच ‘बेटस्टॉप’ आहे. कमीत कमी तीन महिने, हवं तर आयुष्यभर. लंडन-मेलबर्नला असलेल्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवावं, दोन्ही सेवा मोफत आहेत. मांडवीवर घरच्यांच्या एका अर्जाने सगळ्या जहाजांचं दार बंद होईल अशी सोय नाही. तोवर अटकाव स्वतःच उभारावा लागतो.

तो असा. जी रक्कम गेली तरी पुढच्या महिन्याच्या हप्त्याला, फीला, किराण्याला धक्का लागणार नाही तेवढी रोख पाकिटात घ्या. डेबिट-क्रेडिट कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवा. यूपीआयची दिवसाची मर्यादा बँकेच्या ॲपमधून आधीच हजारावर आणा. परतीच्या टॅक्सीचे पैसे वेगळ्या खिशात. परतायची बोट किती वाजताची ते घरच्यांना कळवून ठेवा. दर तासाला उठून डेकवर या, उरलेल्या चिप्स मोजा, मग ठरवा. जिंकलेल्या चिप्स दुसऱ्या खिशात टाका आणि त्या टेबलावर परत आणू नका. सोबत येणाऱ्या मित्राला बजावून ठेवा की मी मागितले तरी उसने द्यायचे नाहीत. यातली एखादी गोष्ट वाचून जर मनात ‘कार्ड असू दे, लागलं तर’ असं आलं, तर ती खेप रद्द करा आणि मिरामारला चालायला जा.

परत आल्यावरचे आठ दिवसही बघा. जहाजावरची चटक घरी फोनवर उतरते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तरीही परदेशातून चालणाऱ्या साइट्सच्या लिंक टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर फिरतात. तिथे जिंकलेली रक्कम मिळाली नाही तर दाद मागायला कोणीही नसतं.

रेघ ओलांडली गेली असेल तर

घरच्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एकरकमी कर्ज फेडून टाकणं. वडील शेत विकतात, बायको दागिने मोडते, सावकार जातो, आणि माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरल्याबरोबर तो पुन्हा लावायला मोकळा होतो. आधी सगळ्या देण्यांची यादी करा, लोन ॲपची, मित्रांची, ऑफिसच्या उचलीची, क्रेडिट कार्डांची. यादी पहिल्या बैठकीत पूर्ण होत नाही. नंतर दोन-तीन आकडे हमखास बाहेर येतात, त्यावर चिडू नका. पगार दुसऱ्याच्या देखरेखीखालच्या खात्यात वळवा, रोजच्या खर्चाचे पैसे हातात द्या, देणं हप्त्याहप्त्याने त्याच्याच कमाईतून फिटू द्या. पगाराचा दिवस, क्रिकेटच्या मोठ्या सामन्याचा दिवस आणि घरातल्या भांडणानंतरची रात्र, या तीन वेळा जपायच्या.

उपचार आहेत आणि उपयोगी पडतात. विचार-वर्तन उपचारपद्धतीत ‘आता यायलाच पाहिजे’ सारखे समज एकेक करून तपासले जातात आणि ओढ लागल्यावरची पंधरा-वीस मिनिटं कशी काढायची याचा सराव करून घेतात. काही रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञ नाल्ट्रेक्सोनसारखं औषधही देतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक आहे, मोबाइलवरच्या खेळांत अडकलेल्यांसाठी ते उपयोगाचं.

एक गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगायची. कंपवातासाठी किंवा पाय शिवशिवण्याच्या त्रासासाठी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या औषधानेही काही जणांना जुगाराची अनावर ओढ लागते. आयुष्यात पत्ता हातात न धरलेले आजोबा अचानक लॉटरीची पुडकी आणू लागले तर आधी गोळ्यांचं पाकीट तपासा. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर मात्रा बदलून देतात.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही, रुग्ण तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. कर्जाच्या धसक्याने जीव द्यायची भाषा ऐकू आली तर ती धमकी समजू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच हा फोन लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. एरवी फोन लावताना जवळ एक कागद ठेवा: किती दिवसांपासून, कोणता खेळ, आठवड्यातून किती वेळा, एकूण देणं किती, झोप कशी आहे, दारू आहे का, कोणती औषधं चालू आहेत. समुपदेशक हेच विचारतात, आणि उत्तरं समोर लिहिलेली असली की रडू कोसळलं तरी बोलणं पूर्ण होतं.